पिल्लं जगली तर कोंबडी परवडते

दारातल्या कोंबड्यांचा हिशेब बहुतेक घरांत अंड्यांवरून मांडतात आणि तिथंच तो चुकतो. गावरान कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. पाच कोंबड्या असतील तर धरा ३००. प्रत्येकीला वर्षातून दोनदा अंड्यांवर बसवली आणि दर खेपेला १० अंडी ठेवली, तर १०० अंडी उबवणीला गेली. उरलेली २०० दहा रुपयांनी विकली तर हातात २,००० रुपये येतात, तेही वर्षभर घरात कुणी अंड्याची पोळी मागितली नाही तर! आता त्या १०० अंड्यांतून ८० पिल्लं निघाली असं समजा. लक्ष नसलं तर त्यातली तीसेक मोठी होतात, लक्ष दिलं तर साठ होतात. मधल्या ३० पाखरांचा भाव सहा महिन्यांनी ४०० रुपये धरला, तर ती रक्कम १२,००० होते. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या गावात भाव कमी-जास्त असेल. पण २,००० आणि १२,००० यांमधलं अंतर भावानं बदलत नाही. अंडी कमी पडली म्हणून कोंबडीपालन बुडत नाही, पहिल्या आठ आठवड्यांत पिल्लं जातात म्हणून बुडतं.

म्हणून या लेखात पिल्लांना जास्त जागा दिली आहे आणि जाळीदार शेड, स्वयंचलित भांडी वगैरे गोष्टींना जवळजवळ दिलेली नाही. ज्यांना ५०० पक्ष्यांची पोल्ट्री टाकायची आहे त्यांचं गणित वेगळं. हे लिहिणं आहे ते वस्तीवर, पडवीत, गोठ्याच्या कडेला पाच ते वीस कोंबड्या पाळणाऱ्या घरांसाठी. अहिल्यानगर जिल्ह्यात अशी घरं अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत पसरलेली आहेत, आणि या दोन टोकांचं हवामान इतकं वेगळं आहे की एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला जसाच्या तसा चालत नाही. घाटघर-रतनवाडीकडे पिल्लू मरतं ते बहुधा ओलीनं आणि गारठ्यानं. कर्जत-जामखेड-पाथर्डीकडे उन्हाळ्यात मोठी कोंबडीच तोंड वासून बसते.

सुरुवात अंडी बसवण्यापासून करू. कोंबडी खुडूक झाली की लगेच घरात असतील ती सगळी अंडी तिच्याखाली सारायची, ही सवय आधी मोडा. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवू नये. उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांतलंच घ्यावं. बसवायची अंडी धुवायची नाहीत. पाणी लागलं की कवचावरचं संरक्षक आवरण निघून जातं. ती बोथट टोक वर करून, गार जागेत ठेवायची. मातीच्या मडक्यात ओलसर वाळूवर फडकं टाकून ठेवलेली अंडी चांगली राहतात. फार मोठं, फार लहान, वाकडं किंवा पातळ कवचाचं अंडं तव्यावर जाऊ द्या. गावरान कोंबडीच्या अंगाखाली १०-१२ अंडी नीट मावतात. पंधरा ठेवली तर कडेची आळीपाळीनं गार पडतात आणि शेवटी पिल्लं दहाच्या मानानंही कमी निघतात.

टोपल्यात तळाला राख आणि वर भुसकट किंवा वाळलेलं गवत टाका. बसवण्याआधी कोंबडीच्या पंखांखाली बोटांनी पिसं फाकून पाहा. उवा-पिसवा असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करायचा, कारण एकवीस दिवस एका जागी बसणाऱ्या कोंबडीला त्या अक्षरशः उठवतात आणि ती अर्ध्यावर टोपलं सोडते. पाण्याची वाटी आणि मूठभर दाणे टोपल्यापासून दोन-तीन हातांवर ठेवले की ती दिवसातून एकदा उठते, खाते, घाण बाहेर टाकते आणि परत बसते. वीज कडाडली की अंडी नासतात म्हणून टोपल्यात लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. खिळ्यानं काही बिघडत नाही, ठेवा. पण अंडी नासतात ती बहुतेक वेळा गारठ्यानं किंवा मुळातच वांझ असतात म्हणून, आणि ते पाहायला मोबाईलची बॅटरी पुरते.

सातव्या-आठव्या दिवशी रात्री दिवा मालवा. अंडं बोथट टोकाकडून बॅटरीच्या उजेडावर टेकवा आणि तळहाताची ओंजळ करून बाजूचा उजेड झाका. आत लालसर रेघांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर पिल्लू धरलं आहे. ठिपका कधी कधी हललेलाही दिसतो. सगळं अंडं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते वांझ. ते बाजूला काढलं की बाकीच्यांना ऊब जास्त मिळते. लाल रेघ एकाच ठिकाणी कड्यासारखी गोल झालेली दिसली तर आतला जीव गेलेला आहे. ते अंडं लवकर काढा, पुढे ते टोपल्यात फुटलं तर वासानं कोंबडी उठेल. हे काम घरातल्या पोरांना फार आवडतं. त्यांना करू द्या, फक्त अंडी कोंबडीखालून काढल्यापासून परत ठेवेपर्यंत पाच-दहा मिनिटांवर वेळ घालवू नका.

आपल्याकडे कोंबडी बसवायला दिवाळीपासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. खळ्यावर बाजरी, मका पडलेली असते, हवा कोरडी असते आणि पिल्लं मोठी होऊन आखाडात विकायला तयार होतात. चैत्र-वैशाखात बसवलेल्या टोपल्यातून निम्मी पिल्लंही निघत नाहीत, त्या दिवसांत खुडूक कोंबडी उठवलेली बरी. उठवण्यासाठी नाकात पीस खुपसायचं, पाण्यात बुडवायचं, हे प्रकार गावोगाव चालतात. त्यापेक्षा तिला टोपल्यापासून लांब, खालून वारं लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस खाणं-पाणी देऊन ठेवली की पोट गार पडून ती आपोआप विसरते.

पिल्लं निघाली की पहिले तीन आठवडे सगळ्यात जोखमीचे. आई असेल तर उबेची काळजी ती घेते. हॅचरीतून किंवा योजनेतून आणलेली एक दिवसाची पिल्लं असतील तर आईचं काम तुम्हाला करावं लागतं. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीन-एक अंशांनी कमी करायची. थर्मामीटर कुणाच्याच घरात नसतो आणि तो लागतही नाही. पिल्लं दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, दिवा खाली घ्या. दिव्यापासून लांब, कडेला चोच उघडी टाकून बसली असतील तर उकडतंय, दिवा वर करा. सगळीकडे विखरून दाणे टिपत असतील तर जमलं. थंडीत गर्दी होते तेव्हा खालची पिल्लं गुदमरतात, आणि सकाळी मेलेली दिसली की लोक रोग आला म्हणतात. लाईट राहण्याचा भरवसा आपल्याकडे कुणीच देऊ शकत नाही, तेव्हा घमेल्यात राखेखाली झाकलेले निखारे तयार असू द्या. धूर मात्र अजिबात कोंडू देऊ नका आणि निखाऱ्यांभोवती जाळी लावा.

पहिल्या दिवशी गुळाचं कोमट पाणी आणि मक्याचा बारीक भरडा पुरे. पाणी पसरट भांड्यात द्या आणि त्यात चार-पाच गोटे टाका. भांडं खोल असलं की पिल्लू आत पडतं, आणि एकदा भिजलेलं पिल्लू थंडीच्या दिवसांत क्वचितच वाचतं. पुढचे सहा-आठ आठवडे पिल्लांचं तयार खाद्य, म्हणजे ज्याला दुकानात 'चिक स्टार्टर' म्हणतात ते, विकत घ्या. इथं पैसे वाचवू नका. मोठ्या कोंबडीला उकिरडा आणि बांध पुरतो, पण कण्यांवर वाढवलेलं पिल्लू पंख टाकून बसतं आणि पहिल्याच रोगात जातं. कुणाला खाद्य महाग वाटत असेल तर वाळवीचा जुना उपाय आहेच. फुटक्या मडक्यात वाळकं शेण, गोणपाटाचे तुकडे, कडब्याचं बूड भरून त्यावर पाणी शिंपडायचं आणि मडकं वाळवी असलेल्या जागी रात्री पालथं घालायचं. दुसऱ्या दिवशी त्यात पिल्लांना पुरेल इतकी वाळवी सापडते. प्रथिनं हवीत तर याहून स्वस्त काही नाही.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांची विष्ठा लालसर, रक्ताळलेली दिसली तर ती रक्ती हगवण. ओल्या भुसकटात तिचे जंतू वाढतात, म्हणून पावसाळ्यात आणि अकोले तालुक्याच्या पश्चिमेला ती हटकून येते. औषध पाण्यातून देता येतं, ते पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर आणा. पण खाली पसरलेलं भुसकट रोज हलवून कोरडं ठेवणं आणि पाण्याच्या भांड्याखालचा ओला भाग काढून टाकणं, याला औषधाचा पर्याय नाही. आणि पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत पिल्लं दिवसा उघड्यावर सोडायचीच झाली तर डालग्याखाली. घार, कावळा आणि शेजारचं मांजर या तिघांनाही वेळ माहीत असते.

आता मानमोडी. हिलाच राणीखेत म्हणतात. सकाळी खुराडं उघडावं तर दोन कोंबड्या मान दुमडून बसलेल्या, तिसरीची पांढरट-हिरवी पातळ विष्ठा, चौथी तोंड उघडून घरघरते आहे, आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं. ज्यांनी एकदा हे पाहिलं ते पुन्हा कोंबड्या पाळायला धजत नाहीत. या रोगावर उपचार नाही. लसूण, हळद, दारू, तंबाखूचं पाणी, कशानंही तो थांबत नाही. थांबतो तो फक्त लसीनं, आणि लस आजारी पाखराला नाही, निरोगी पाखराला द्यायची असते. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब टाकायचा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. मधे चौदाव्या दिवशी गंबोरोची आणि सहा-सात आठवड्यांना देवीची. आर-टू-बी लहान पिल्लाला देऊ नये, ती लस त्याला झेपत नाही. पुढे दर सहा महिन्यांनी ती पुन्हा द्यायची, आणि लसीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध.

हे वेळापत्रक प्रत्येक पुस्तिकेत छापलेलं असतं. तरी खेड्यात लस का होत नाही? कारण आर-टू-बीची कुपी १०० किंवा २०० पाखरांची येते, ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? इथं पुस्तिकेचा उपयोग नाही, वस्तीचा आहे. आपल्या गल्लीतली, वस्तीवरची दहा-पंधरा घरं एकत्र करा. दवाखान्यात आधी सांगून ठेवा, किंवा 'उमेद' अभियानातून तयार झालेली पशुसखी गावात असेल तर तिला बोलवा. वेळ संध्याकाळी अंधार पडल्यावरची किंवा पहाटेची ठरवा. दिवसा सोडलेली कोंबडी धरायला अर्धं गाव धावतं आणि निम्म्या कोंबड्या हाती लागत नाहीत. अंधारात खुराड्यातून एकेक बाहेर काढायची, एकानं दोन्ही पंख मागे धरायचे, दुसऱ्यानं टोचायचं. अर्ध्या तासात वस्ती संपते. ज्या एका घरानं 'आमच्या कोंबड्यांना काही होत नाही' म्हणून नकार दिला, त्या घरातूनच पुढे रोग पसरतो. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्या वाट्याचे पैसे गटातून भरा. स्वस्त पडतं.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या घरांसाठी हे आणखी महत्त्वाचं. संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो तेव्हा कोंबड्यांचं डालगंही वर चढतं. कारखान्याच्या तळावर वेगवेगळ्या गावांच्या, जिल्ह्यांच्या कोंबड्या एका जागी उकरतात. एकीच्या अंगातला रोग आठ दिवसांत सगळ्या कोपींभोवती फिरतो. म्हणून निघायच्या दोन-तीन आठवडे आधी लस टोचून घ्या. ट्रॉलीवर चढताना टोचली तर अंगात ताकद तयार व्हायला वेळच मिळत नाही.

रोग घरात येतो त्याच्या आणखी दोन वाटा आहेत. एक म्हणजे बाजारातून आणलेली कोंबडी. घोडेगाव, काष्टी, राजूर, कुठल्याही आठवडी बाजारातून आणलेलं पाखरू दिसायला कितीही टवटवीत असलं तरी ते तीन आठवडे घरच्या कोंबड्यांपासून लांब, वेगळ्या भांड्यात खाणं-पाणी देऊन ठेवा. दुसरी वाट बोलायला अवघड आहे. गावात मर सुरू झाली की लोक घाईघाईनं कोंबड्या विकतात किंवा लेकीच्या घरी, पाहुण्यांकडे पाठवतात. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण रोग त्याच पिशवीतून जातो. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका. खोल खड्डा करून चुना टाकून पुरा, नाहीतर कुत्री तिला वस्तीभर फिरवतात.

एकाच वेळी खूप पाखरं मेली तर लपवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आढळला. अशा वेळी आसपासच्या ठरावीक अंतरातली सगळी पाखरं, परसातलीसुद्धा, नष्ट करावी लागतात आणि त्याची सरकारी भरपाई मिळते. खेड्यात मानमोडीलाच 'बर्ड फ्लू' म्हणून कुजबुज सुरू होते आणि त्या भीतीनं लोक गप्प बसतात. नमुना तपासल्याशिवाय दोन्ही रोग डॉक्टरांनाही नुसत्या नजरेनं वेगळे सांगता येत नाहीत, तेव्हा तुमच्या गप्प बसण्यानं फक्त वेळ जातो.

रोगाखालोखाल नुकसान रात्रीचं. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, पायांवर असावं आणि दर कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट जागा मिळावी. दहा कोंबड्यांना चार बाय चार फुटांचं पुरतं. जाळी अर्ध्या इंचाची लावा. कुक्कुट जाळी म्हणून मिळणारी मोठ्या छिद्रांची जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक, मुंगूस बाहेर ठेवायला नाही. मुंगूस आत शिरला तर एक खाऊन जात नाही, हाताला लागतील तेवढ्यांचे गळे फोडून टाकतो. सकाळी पाच-सहा कोंबड्या जागच्या जागी मेलेल्या आणि एकही खाल्लेली नाही असं दिसलं तर त्याचंच काम समजा. नुसती पिसं पडली असतील आणि कोंबडी गायब असेल तर मांजर, कोल्हा किंवा कुत्रं. अंडी गायब आणि पिल्लं कमी असतील तर साप किंवा घूस. अंधाऱ्या टोपल्यात अंडी काढायला हात घालताना बॅटरी मारून मगच घाला. नाग दिसला तर त्याला मारायच्या नादी न लागता सर्पमित्राला बोलवा. राहाता, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, अकोल्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्याही आहे. त्याला कोंबडीपेक्षा कुत्रं आणि शेळी प्यारी, पण उसाला लागून असलेलं पत्र्याचं खुराडं त्याला काही अवघड नाही. तिथं खुराडं घराच्या भिंतीला लागून, उजेडात असावं, आणि अंधार पडल्यावर हरवलेली कोंबडी शोधायला कुणीही एकट्यानं उसाकडे जाऊ नये. एक कोंबडी गेली तर जाऊ द्या.

या सगळ्यासाठी एक साधी सवय पुरते. संध्याकाळी दार लावताना मोजा. एक कमी असेल तर तेव्हाच कळतं, आणि आत कोण सुस्त बसली आहे, कुणाचा पोटा रिकामा आहे, हेही तेव्हाच हाताला लागतं. निरोगी कोंबडीचा पोटा संध्याकाळी टम्म भरलेला असतो. रिकामा लागला तर ती उद्या आजारी दिसणार आहे. आजच वेगळी करा.

अंडी अचानक कमी झाली म्हणून घाबरून जाणारे पुष्कळ असतात. त्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. मार्गशीर्ष-पौषात दिवस लहान असतो, अंड्यांना चौदा-सोळा तासांचा उजेड लागतो, तो मिळत नाही. पिसं झडायच्या दिवसांत कोंबडी अंडी थांबवते, ताकद नव्या पिसांकडे जाते. वैशाखात ४० अंशांच्या वर पारा गेला की ती खाणं कमी करते, धापा टाकते आणि धापेमुळेच कवचही पातळ पडतं. उन्हाळ्यात खाणं पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. पत्र्यावर चुना मारा, वर उसाचं पाचट टाका, बाजूला ओलं गोणपाट लावा. एका कोंबडीला एरवी दिवसाला पाव लिटर पाणी पुरतं, उन्हाळ्यात दुप्पट धरा आणि भांडं सावलीतच ठेवा. एवढं करूनही अंडी कमी असतील तर कडब्याच्या गंजीमागे एकदा जाऊन पाहा. तिथं चोरून घातलेली अंडी सापडण्याचा संभव रोगापेक्षा जास्त आहे. कवच पातळ पडत असेल तर शिंपल्यांचा भरडा ठेवा. घरातलीच अंड्यांची कवचं देणार असाल तर उकडून, अगदी बारीक कुटून द्या. अख्खी कवचं टाकली तर कोंबडीला अंडं फोडून खायची चटक लागते, आणि ती चटक सुटत नाही.

मोकळ्या कोंबडीला खायचं बरंच काही परसातच मिळतं. गुरांसाठी लावलेला घास तिलाही आवडतो आणि त्यानं बलक छान पिवळा होतो. शिवाय दिवसाला मूठभर बाजरी, मका किंवा गहू दिला की झालं. बुरशी लागलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड देऊ नका, तिचं विष कोंबडीला माणसापेक्षा लवकर भिनतं. पेरणीच्या दिवसांत कोंबड्या बांधून ठेवा. औषध लावलेलं रंगीत बियाणं टिपलं की संध्याकाळपर्यंत खेळ संपतो. तसंही शेजाऱ्याच्या मेथीच्या वाफ्यात आपली कोंबडी उकरताना दिसली की दोन घरांचं बोलणं बंद होतं. तेही त्या दिवसांत टळतं.

जात कोणती घ्यावी, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या मते तो सगळ्यात कमी महत्त्वाचा. हैदराबादची वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराज, ऱ्होड आयलंड रेड या सुधारित जाती गावरानापेक्षा दुप्पट-तिप्पट अंडी देतात. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि वजनानं जड असल्यानं कुत्र्यापासून पळताना मागे राहतात. म्हणून दोन-तीन गावरान कोंबड्या घरात असू द्या. सुधारित जातीची अंडी त्यांच्याखाली बसवा, एकीची अंडी आणि दुसरीची माया. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतून ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर असा गट किंवा एक दिवसाची १०० पिल्लं मिळतात. नवख्या माणसानं तलंगांचा गट घ्यावा, कारण तलंगा आठ-दहा आठवड्यांच्या असतात आणि धोक्याचा काळ सरलेला असतो. १०० पिल्लं फुकट मिळाली तरी पहिल्याच वर्षी घेऊ नका. माहितीसाठी बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रं आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळ आहे.

कडकनाथबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. झाबुआची ही काळी कोंबडी अस्सल आहे, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण 'पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच ५० रुपयांनी घेऊ' असं सांगणारा कुणी दारात आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीचा असा घोटाळा २०१९ मध्ये उघडकीला आला आणि राज्यभरातल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. ज्याचं अंडं तुमच्या गावच्या बाजारात विकलं जात नाही, ते पाळू नका.

विकायची वेळ आधी ठरवा. आखाडात, दिव्याच्या अवसेपर्यंत कोंबड्याला मागेल तो भाव येतो. श्रावण लागला की तोच कोंबडा महिनाभर दाणे खात फिरतो. नंतर नवरात्र येतं. चैत्रातल्या जत्रांमध्ये नवसाच्या कोंबड्यांना पुन्हा मागणी असते. बाजारात नेण्याऐवजी जत्रेच्या आठवड्यात गावातच सांगून ठेवा, वजनकाटा स्वतःचा ठेवा. आणि पैसे जिनं संध्याकाळी मोजून दार लावलं तिच्याच हातात द्या. घरातल्या पुरुषमंडळींना हे आवडणार नाही, पण ज्या घरात हा पैसा बाईचा राहतो तिथं कोंबड्या टिकतात.

विकताना सगळ्यात मोठा, देखणा कोंबडा आधी जातो आणि घरात उरलेला मरतुकडा पुढच्या वर्षीचा बाप होतो. उलट करा. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो, तो सगळ्यात चांगला ठेवा, बाकीचे विका. आणि तोही वर्षभरच, कारण पुढच्या वर्षी त्याच्याच लेकी तलंगा होऊन खुराड्यात असतात. एका रक्तातली पैदास वाढली की आधी उबवणीतली पिल्लं घटतात, मग जगणारी. दूरच्या गावातल्या ओळखीच्या घरी आपला कोंबडा द्या, त्यांचा आणा. आणलेला तीन आठवडे वेगळा बांधायचा, तो पाहुण्याच्या घरचा असला तरी.